मानशीचें दार

समुद्राची पातळी चढत आहे, हें आतां वादाचें राहिलें नाहीं. १९०१ पासून २०१८ पर्यंत ती जगांत सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर वर आली. किनाऱ्यावरील लोकांनीं काय करावें, असा प्रश्न निघाला म्हणजे दृष्टि सहज हॉलंडकडे वळते. परंतु भरतीच्या पातळीहून खालच्या जमिनींत शतकानुशतकें भात पिकविणारे शेतकरी आपल्या शेजारीं गोमंतकांतच आहेत. त्यांचा इतिहास आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो.

मांडवी, जुवारी या नद्यांच्या काठीं खाजणाच्या जमिनी आहेत. माती, पेंढा व चिरे यांचे बांध घालून त्या राखलेल्या असून बांधांत लांकडी दारांच्या मानशी बसविल्या आहेत. भरतीच्या लोटानें मानशीचें दार आपोआप मिटतें व ओहोटी लागतांच आंतील पाण्याच्या दाबानें उघडतें. पावसानें मीठ धुवून गेलें कीं खारेपणा सोसणारें कोरगुट भात लावावें, आणि पीक निघाल्यावर खारें पाणी आंत घेऊन मासळी धरावी, असा तेथला क्रम.

पण दार कितीही शहाणें असलें तरी बांध खेंकडे पोखरतातच. तीं भोंकें बुजवावयाचीं कोणीं? याचें उत्तर गांवकरी या ग्रामसंस्थेनें दिलें होतें. तिचे रिवाज पोर्तुगीजांनीं १५२६ च्या फोरालांत नमूद केले व पुढें तिला कोमुनिदाद हें नांव पडलें. मानशीवरील मासेमारीचा लिलाव व्हावा आणि बांधांची निगा गांवानें सामाईक राखावी, अशी ही व्यवस्था होती. ती समतेची नव्हती, हें आम्ही विसरत नाहीं. लाभांशाचे धनी गांवकार, राबणारे बहुधा दुसरेच.

१९६४ च्या कूळकायद्यानें कसणाऱ्यास हक्क मिळाला, तें न्याय्यच झालें. बांधांचा भार पुढें कुळांच्या संघांवर आला. पण अनेकांनीं शेती सोडली, आणि भातापेक्षां मासळीचा पैसा मोठा ठरला. मग मासळीसाठीं मानशीचीं दारें अवेळीं उघडीं राहूं लागलीं, शेतें खारावलीं, कित्येक ठिकाणीं तिवरें माजलीं.

समुद्र चढेल तसे बांध उंच करावे लागतील, व त्यास सरकारी पैसा लागेलच. परंतु आमच्या मतें त्याआधीं एक गोष्ट ठरली पाहिजे: ज्याचें शेत बुडावयाचें, मानशीच्या दारावर पहिला अधिकार त्याचा, आणि लिलावाच्या पैशावर पहिला हक्क बांधाचा. एवढें न ठरल्यास उंच बांधालाही खेंकडे सोडणार नाहींत.