सोळाव्या पिनेचं कूळ

जुन्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपला कोड रीडर जोडला आणि त्याचा पडदा उजळलाच नाही, तर अमेरिकेतला जाणता मेकॅनिक इंजिनाकडे बघतही नाही. तो विचारतो, ‘सिगारेट लायटर चालतोय का?’ बहुतेक वेळा तो बंदच असतो. त्याच्या खोबणीत सुटं नाणं पडलेलं असतं, नाहीतर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावताना फ्यूज उडालेला असतो. गाडी सुरू होते, दिवे लागतात, पण रीडर मुका. कारण लायटर आणि रीडर ज्यात लावतात ते निदानाचं सॉकेट, दोघांना वीज एकाच फ्यूजमधून मिळते. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या पिकअपांत हीच जोडणी आहे.

इंजिनाची नाडी बघणारं यंत्र आणि विडीकाडीची सोय, यांचं नातं जुळलं कसं? मला ते जुळवण्यात एका जुन्या वायरचा हात दिसतो.

या सॉकेटमागचा इतिहास तसा माहितीतला आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे गाड्यांचा धूर आहे, हे आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं. पुढे १९६७ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखावेत अशी सक्ती केली. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत सोळा पिनांचं सॉकेट आणि समान कोड आले; हीच ‘ओबीडी टू’ प्रणाली.

माझं कुतूहल त्याआधीच्या सॉकेटमध्ये आहे. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली बारा खाचांची चपटी जोडणी असे. तिचं नाव ‘असेंब्ली लाइन डायग्नॉस्टिक लिंक’. म्हणजे कारखान्यात गाडी साखळीवरून उतरताना तपासायची सोय. मालकाचा विचार त्यात नव्हता, तरी मालकाने ती आपलीशी केली. इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची आणि कागदाची क्लिप वाकवून ए आणि बी या दोन खाचा जोडायच्या. ‘चेक इंजिन’चा दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग पाठोपाठ दोनदा. हा झाला बारा. तो तीन वेळा आला की यंत्रणा जागी आहे असं समजायचं. त्यानंतर साठवलेले दोष त्याच भाषेत, प्रत्येक तीनदा. कुठलंही यंत्र न लावता गाडी बोलते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण सविस्तर माहिती हवी असेल तर स्कॅनर लागे, आणि इथेच गोम आहे. त्या बारा खाचांत एक अर्थिंगची, एक माहितीची, पण स्कॅनर कायम चालवता येईल अशी बॅटरीची तार नव्हती. म्हणून ‘टेक १’ सारख्या स्कॅनरला दोन शेपट्या असत. एक सॉकेटमध्ये जाई, दुसरी लायटरच्या खोबणीत. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये स्कॅनर लायटरवरच जगला.

नव्या सॉकेटमध्ये सोळावी पिन बॅटरीच्या कायम विजेसाठी राखली गेली. दुसरी शेपटी गेली. माझा सिद्धान्त असा, की शेपटी गेली पण सर्किट राहिलं. स्कॅनरचा भार सोसायची सवय असलेला, कितपत करंट ओढला जातो ते ठाऊक असलेला फ्यूज हाताशी होता. वायरिंग आखणाऱ्यांनी सोळाव्या पिनेची तार तिथेच जोडली.

यावर आक्षेप आहेत. पहिला, हा निव्वळ काटकसरीचा मामला आहे, लाखो गाड्यांत एकेक फ्यूज वाचला. मान्य, पण फ्यूज वाचवायचा तर हॉर्नचा किंवा छतातल्या दिव्याचाही चालला असता, तिथेही कायम वीज असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्कॅनरमध्ये शॉर्ट झाला तर महत्त्वाचं काही बंद पडू नये, म्हणून सर्वांत निरुपद्रवी सोबती निवडला. हे कारण मी नाकारत नाही. पण ते एकटंच पुरलं असतं तर सगळ्यांनीच लायटर निवडला असता. टोयोटाच्या बॉनेटखालच्या जुन्या निदान-डबीत बॅटरीची स्वतःची खाच होती, आणि टुंड्रा पिकअपमध्ये ‘ओबीडी’ नावाचा फ्यूज वेगळा आहे. इथे पूर्वज लायटरवर अवलंबून नव्हता आणि वंशजही नाही. माझ्या मते हा पुरावा बोलका आहे.

संक्रमण किती सरमिसळीचं होतं ते १९९४-९५ च्या काही गाड्यांत दिसतं. सॉकेट नवं, सोळा खाचांचं. आतली भाषा मात्र जुनीच. रीडरचा पडदा उजळतो, पण संपर्क होत नाही. पडदाच उजळत नसेल तर मल्टिमीटरची काळी तार चौथ्या पिनेला आणि लाल सोळाव्या पिनेला लावायची. बारा व्होल्ट आले तर फ्यूज निर्दोष. पडदा उजळूनही संपर्क होत नसेल तर बॉनेटखालचं उत्सर्जनाचं लेबल वाचायचं. त्यावर ‘ओबीडी टू’ असं लिहिलं नसेल तर रीडर बदलून काही होणार नाही, जुन्या भाषेचा स्कॅनरच आणावा लागेल.