आमच्या ॲम्बॅसडरचे स्टिअरिंग

आमच्या घरचा गणपती गेली पन्नासेक वर्षे दांडिया बाजारातून ॲम्बॅसडरमधूनच येतो. गाडी आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. मूर्ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर, पुढे अण्णा स्टिअरिंगवर, आणि आम्ही भावंडे गल्लीच्या तोंडाशी झांजा घेऊन उभी. गाडी गल्लीत उलटी घालताना अण्णा दोन्ही हातांनी चाक ओढत, सदऱ्याची पाठ ओली होई, आणि मूर्ती घरात जाईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही असा अलिखित नियम होता.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या खांद्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण ही नको. मग घरात तीन पक्ष पडले. एक म्हणे विकून टाकू, दुसरा म्हणे कापड घालून ठेवू, तिसरा म्हणे हिला पॉवर स्टिअरिंग बसवू. आम्ही तिसऱ्या पक्षात होतो. त्या भांडणाच्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि गॅरेजात उभे राहून पाहिले, ते बडोद्यातल्या आपल्या मंडळींना सांगावेसे वाटले. अनेकांच्या अंगणात अजून एखादी ॲम्बॅसडर किंवा फियाट उभी आहे, आणि ती चालवणारे हात आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.

आधी हे स्टिअरिंग जड का, ते पाहू. ॲम्बॅसडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सने ती 1957 च्या सुमारास उत्तरपाड्यात काढायला घेतली आणि 2014 पर्यंत काढत राहिली. स्टिअरिंग रॅक आणि पिनियनचे, म्हणजे दांड्याच्या टोकाची दातेरी चकती एका आडव्या दातेरी पट्टीला डावीउजवीकडे सरकवते. रचना साधी आणि भरवशाची, पण इंजिनाखाली दबलेली पुढची चाके वळवायला माणसाच्या दंडाखेरीज दुसरे बळ नाही. म्हणून तर चाक एवढे मोठे, तरफेसारखे. गाडी चालू असली की फारसे जाणवत नाही. उभ्या गाडीत रबर रस्त्यावर अक्षरशः घासून फिरवावे लागते, तिथे खांदा जातो. त्यात पुढे आपण सगळ्यांनी जुने टायर काढून रेडियल घातले. रस्त्यावर पकड सुधारली आणि पार्किंग आणखी जड झाले. हा घाव आपणच आपल्यावर घालून घेतलेला.

आता गंमत अशी की या दुखण्यावरचा उपाय ॲम्बॅसडरच्या जन्मापूर्वी तीस वर्षे तयार होता.

फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्याने जवळून पाहिले. जहाजांना हा प्रश्न त्याआधीच पडला होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र आगबोटीचे सुकाणू 1860 च्या दशकातच वाफेच्या यंत्राने वळू लागले होते. पण वाफेचे यंत्र मोटारीत बसवणार कुठे? डेव्हिसने 1922 मध्ये नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि तेलाच्या दाबावर काम सुरू केले. तेल कायम दाबाखाली कोंडून ठेवले की ते गळते, आणि दाब टिकवायला पंप सतत राबवावा लागतो. त्याने उलटे केले. तेल मोकळे फिरू द्यायचे. ड्रायव्हरने चाक वळवले की झडप एका बाजूने आवळते, तेवढ्यापुरता दाब चढतो आणि दट्ट्या चाकांना ढकलतो. हात सैल सोडला की तेल पुन्हा मोकळे. आज ट्रकच्या बॉनेटखाली तेलाचा जो पंप दिसतो, त्यामागे हीच युक्ती आहे.

1926 मध्ये त्याने हे एका पिअर्स-ॲरो मोटारीवर बसवून दाखवले. जनरल मोटर्सने करार केला. मग मंदी आली. गाड्याच खपेनात, तेव्हा महागडे स्टिअरिंग कोण घेणार, असा हिशेब होऊन 1934 मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. याच काळात जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला मोटारी जोडत होती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे. ज्या कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यातून शेव्हरोलेट बाहेर पडत होत्या, तिच्याच कपाटात हलक्या स्टिअरिंगचा शोध धूळ खात होता.

त्याला खरी मागणी आली ती दुसऱ्या महायुद्धात, चिलखती आणि जड लष्करी वाहनांसाठी. साध्या गिऱ्हाइकाच्या हाती मात्र ते पडले 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. आणि इथे डेव्हिसबद्दल वाईट वाटते. तोवर त्याच्या सुरुवातीच्या पेटंटांची मुदत संपली होती, आणि क्रायस्लरने त्यांच्याच आधारे आपले यंत्र बनवले. प्रतिस्पर्धी पुढे गेला म्हटल्यावर जनरल मोटर्सलाही डेव्हिसची आठवण झाली. पंचवीस वर्षे थांबलेला माणूस एका वर्षात सगळ्यांना हवा झाला.

क्रायस्लरशी आपलाही एक धागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशीच करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या पहिल्या गाड्या निघाल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतात. मग अमेरिकेत 1951 ला आलेले सुख त्यांच्यामागून इथे का आले नाही? आमच्या मते उत्तर आयात धोरणात आहे. 1953 च्या टॅरिफ कमिशनने केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांना दरवाजा दाखवला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. जे उरले त्यांनी एकेक परदेशी मॉडेल धरले आणि ते दशकानुदशके चालवले. उत्तरपाड्याने मॉरिस, कुर्ल्याने फियाट. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे उभे असताना त्याचा खांदा दुखतो की नाही, हे विचारायचे कारणच कोणाला नव्हते. पोलाद आणि कारखानदारी देशात वाढली, हे त्या धोरणाचे देणे आम्ही नाकारत नाही. पण त्याची किंमत कोणाच्या तरी दंडाने भरली.

आणि ज्यांना चालवूच दिले नाही त्यांनीही भरली. आईने लग्नाआधी पुण्याला असताना लायसन्स काढले होते. या घरात आल्यावर तिने एकदा किल्ली मागितली, तेव्हा आजोबा म्हणाले, “सूनबाई, स्टिअरिंग जड आहे, तुम्हाला पेलायचे नाही.” विषय तिथेच संपला. आमच्या ओळखीच्या किती घरांत हेच वाक्य बोलले गेले असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

1988 मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्वो या छोट्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणले, आणि जुन्या गाड्यांचे भाग्य खरे तर तिथे उघडले. यात तेल नाही, पंप नाही, इंजिनाला पट्टा नाही. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. हाताच्या जोराने ती किती पिळवटली हे सेन्सर मोजतो आणि त्या मानाने मोटर दांड्याला हातभार लावते. पुढे मारुतीच्या अल्टो, वॅगन आर अशा गाड्यांतून ही यंत्रे आपल्याकडे घरोघर आली. गाड्या भंगारात गेल्या की ती सुटी मिळू लागली. डॅशबोर्डखाली मावतात, बाहेरून दिसतही नाहीत.

पण बसवणे ऐकायला सोपे. ॲम्बॅसडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालगतच असतो, तेव्हा दांडा कापायचा म्हणजे गिअरच्या सळयांची जागाही सांभाळायची. शिवाय आमच्या गाडीला जुना डायनॅमो. इंजिन मंद फिरत असते तेव्हा तो जवळजवळ काहीच देत नाही, आणि पार्किंग करताना नेमकी तेव्हाच मोटर भरपूर वीज ओढते. म्हणून आधी अल्टरनेटर. ज्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, तिथे तेही उलटे करून घ्यावे लागते.

पहिल्या कारागिराने दोन दांडे समोरासमोर धरून नुसते वेल्ड केले, वर रंग मारला. अण्णांनी अंगणात, उभ्या गाडीत, चाक पूर्ण वळवले आणि ते हातात मोकळे फिरू लागले. वेल्ड तुटला होता. पुढची चाके जागची हलली नव्हती. हायवेवर झाले असते तर हा लेख लिहायला आम्ही असतो की नाही, कोण जाणे. दुसऱ्या मिस्त्रीने लेथवर दातेरी जोड बनवून घेतले, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट घातले आणि प्रत्येक बोल्टला लॉक दिले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पैसे यंत्रावर कमी आणि या जोडांवर जास्त खर्चावेत.

दुसरी बाजूही आहे. पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम 2021 मध्ये आले, आणि त्यांत गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर देशभरातल्या जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले होते. तिथे परीक्षकांची नजर मूळ स्क्रूपर्यंत जाते. धाकटा भाऊ अजून म्हणतो की आम्ही गाडी बाटवली. त्याचे अगदीच चूक नाही. म्हणून मूळ दांडा, डायनॅमो आणि सगळे बोल्ट ग्रीस लावून, अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. बॉडीला एकही नवे भोक पाडलेले नाही. उद्या कोणाला परत बसवायचे असेल तर बसवावे.

अण्णांना स्वतःला ते फारसे आवडलेले नाही. रस्ता हाताला कळत नाही, म्हणतात. हे खरे आहे. वळणानंतर चाक आपोआप सरळ व्हायचे, तेही आता जरा आळसावते. मागच्या चतुर्थीला ते मागच्या सीटवर मूर्ती घेऊन बसले आणि गल्लीत गाडी उलटी घालताना तीनदा ओरडले, “अगं, डावीकडे घे, डावीकडे!”

आई काही बोलली नाही. मूर्ती घरात जाईपर्यंत बोलायचे नसते.