बारी बैलाची, न्याय कोणाचा?

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, हवेली या पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यतीत पूर्वी सगळा मनमानी कारभार होता, असं शहरातले लोक धरून चालतात. ते खरं नाही. नियम होते आणि गावं ते कसोशीने पाळत होती. फक्त ते सगळे मालकामालकांमधले होते. बैलाच्या बाजूने एकही नव्हता. मी गाडामालकाच्या घरातला आहे, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला काम करतो, आणि हे पहिल्यांदा आमच्याच लोकांनी बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचा गाडा सांगली-कोल्हापूरकडच्यासारखा नसतो. तिकडे दोन बैल, गाडीवर चालक आणि लांब पल्ला. इकडे चार बैल, पुढची जोडी आणि मागची जोडी, समोर पळणारी घोडी आणि घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धाव. गाड्यावर माणूस नसतो. खाली निशाण पडतं, निवेदकाचं ‘भिर्रर्र’ सुरू होतं आणि अकरा-बारा सेकंदांत त्या गाड्याची बारी संपते. यात्रेत सगळ्यात कमी वेळात घाट चढेल तो घाटाचा राजा.

एवढ्याशा वेळात निकाल लागायचा म्हटल्यावर सगळा विश्वास घड्याळावर. माझे चुलते, तात्या, गावच्या यात्रेत घड्याळावर बसायचे. वरच्या रेषेसमोर एक गुडघा टेकून, गर्दीकडे न बघता ते फक्त बैलांच्या पायांकडे बघत. पुढच्या जोडीचा पाय रेषेवर पडला की अंगठा दाबला जायचा. मग ते घड्याळ तसंच तळहातावर धरून आधी दोन्हीकडच्या माणसांना दाखवायचे आणि त्यानंतरच निवेदकाला आकडा सांगायचे. सख्ख्या भावाचा गाडा असेल त्या बारीला ते घड्याळ दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला व्हायचे. मोजमापातली ही सचोटी मला कारखान्यातल्या गेजपेक्षा आधी घाटावर शिकायला मिळाली. पण बारी सुटण्याआधी खाली बैलांचं काय चाललंय हे बघायला कोणी बसत नसे. शेपटी पिरगाळणं, ती दातांनी चावणं, टोकदार खिळ्याने टोचणं हे सगळ्यांसमोर व्हायचं. पुढे विजेचा झटका देणारी बॅटरीही आली.

या पट्ट्यात कारखाने आल्यावर बैलाचं जगणंच पालटलं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग भोसरीची एमआयडीसी, टेल्को, आकुर्डीला बजाज. औद्योगिक पट्टा पुढे चाकणपर्यंत सरकला आणि २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगनची गाडी बनायला लागली. जमिनी गेल्या. उरल्या त्या ट्रॅक्टरने नांगरल्या जाऊ लागल्या. बैलाला शेतात काम राहिलं नाही, राहिला तो घाट. जमिनीचा पैसा हातात आलेल्या घरांनी हौसेने बैल सांभाळले, आणि त्यांच्या या हौसेमुळे खिल्लार जात आमच्याकडे टिकली हे मी ठासून सांगेन. पण बक्षिसंही फुगत गेली. ढाल, फेटा आणि भांड्यांवर भागणारी यात्रा मोटारसायकलवर गेली, तिथून ट्रॅक्टरवर. मे २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस चक्क जेसीबी होतं.

बक्षीस मोठं झालं की काय होतं ते सायकलवाल्यांना विचारावं. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हांतूचा चढ चढताना टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामाइन आणि दारू सापडली. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत फेम्के व्हान डेन ड्रिश हिच्यासाठी आणलेल्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली, तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ही मोटर आणि घाटावरची बॅटरी यांची जात मला एकच दिसते. फरक एवढाच की सिम्पसनने गोळी स्वतःच्या हाताने तोंडात टाकली होती. बैलाला कोण विचारतं? झटका त्याला बसतो आणि जेसीबी मालकाच्या दारात उभा राहतो.

ही बाजू शेवटी कोर्टाने मांडली. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्राने खेळांसाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी, तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूसोबत आमच्या शर्यतीही बंद केल्या. निकालात शेपटी चावण्या-पिरगाळण्याचं वर्णन आहे. तेव्हा गावागावांत राग होता, आमच्या घरातही होता. २०१७ मध्ये शर्यतींना मुभा देण्यासाठी राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आमच्याकडे गुलाल उधळला गेला.

त्या गुलालात कायद्याच्या अटी कोणी वाचल्या? चाबूक, काठी, बॅटरी नको. उत्तेजक द्रव्य नको. बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. काठी आणि बॅटरी डोळ्यांना दिसते. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळे ती बरीच कमी झाली, हे मी स्वतः पाहिलंय. उत्तेजकाची सुई दिसत नाही. उडीद, दूध, अंडी, शेंगपेंड हा खुराक झाला, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण घाटावर कुजबुज चालते की अमक्याचा बैल दोन आठवड्यांत एवढा कसा पळायला लागला. कुजबुज खरी का खोटी हे ठरवायला काहीच साधन नाही, कारण मी पाहिलेल्या एकाही घाटावर जिंकलेल्या बैलाचं रक्त किंवा लघवी तपासायला घेतली गेली नाही. सचोटीने बैल सांभाळणाऱ्या मालकावर यात सगळ्यात जास्त अन्याय होतो, त्याच्याही नावाने कुजबुज होते.

चाकणहून तासा-दीड तासावर पुण्याचं रेसकोर्स आहे. तिथे शर्यत झाली की घोड्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचे परदेशी सायकलपटू आमच्या जिल्ह्यात येऊन शर्यतीत उतरले, तेही जागतिक उत्तेजकविरोधी नियमांच्या कक्षेतले. घोड्याला आणि माणसाला जे लागू आहे ते बैलाला लागू करायला अडचण कुठली? फायनलच्या गाड्यांचे तेवढे सोळा-वीस बैल तपासले तरी धाक बसेल. खर्च आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतून काढावा. जेसीबी देणाऱ्याला तो जड नाही. निकाल त्याच संध्याकाळी लागलाच पाहिजे असंही नाही. अहवाल येईपर्यंत बक्षिसाची किल्ली यात्रा कमिटीकडे राहू दे. आमचे गाडामालक कोर्टाच्या निकालासाठी वर्षानुवर्षं थांबले आहेत, आणखी आठ-पंधरा दिवस थांबतील.