स्वरांचे वर्ण आणि भातखंड्यांचे लेखन

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. संगीताचे अभ्यासक आजही त्याचे नाव आदराने घेतात. मात्र या ग्रंथाने स्वरांनाही वर्ण वाटून दिले आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. षड्ज, मध्यम, पंचम ब्राह्मण. ऋषभ, धैवत क्षत्रिय. गांधार, निषाद वैश्य. आणि आपल्या जागेवरून सरकलेले अंतर गांधार व काकली निषाद शूद्र! माणसाच्या जन्मावर मारलेला शिक्का नादावरही मारल्यावाचून चातुर्वर्ण्याचे समाधान झाले नाही. अस्पृश्याला तर या सप्तकात जागाच नाही.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. गाण्याच्या बैठकीचा वारसा आम्हाला नव्हता. संगीतशास्त्र माझ्यापर्यंत आले ते छापील पानांतून. म्हणूनच विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे लेखन मला इतिहासाचे साधन म्हणून महत्त्वाचे वाटते.

भातखंडे वकील होते. देशभर हिंडून त्यांनी जुनी हस्तलिखिते तपासली आणि उस्तादांकडून चिजा मिळवल्या. १९१० साली ‘चतुरपंडित’ या नावाने त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत, गुरू-शिष्यांच्या संवादातून लिहिला. नवा विचार मान्य व्हावा म्हणून संस्कृत श्लोकांचा आधार घ्यावा लागला, हेही बोलकेच आहे.

हा नवा विचार कोणता? ‘लक्ष्य’ म्हणजे प्रत्यक्ष गायले जाणारे संगीत. जुन्या ग्रंथांतले राग आजच्या रागांशी जुळत नाहीत. तेव्हा ग्रंथापेक्षा प्रत्यक्ष गायन प्रमाण मानले पाहिजे, ही त्यांची भूमिका. शब्दप्रामाण्याच्या देशात ही भूमिका लहान नव्हे. दुसरी गोष्ट स्वरलिपीची. घराण्यांच्या मुठीतल्या शेकडो चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. विद्या कंठातून पुस्तकात आली की तिच्या दारावरचा पहारेकरी दुबळा होतो. हे श्रेय भातखंड्यांना दिलेच पाहिजे.

पण त्यांचे ‘लक्ष्य’ कोणाचे होते? रामपूरच्या वजीर खाँसारखे दरबारी उस्ताद आणि घराणेदार गवई यांच्यापाशी ते थांबले. उस्तादांकडेही विद्या आहे पण शास्त्र नाही, असाच त्यांचा सूर राहिला. शास्त्राची जुनी उतरंडही शाबूत राहिली. वादी स्वर राजा, संवादी मंत्री, अनुवादी सेवक, विवादी शत्रू, हे संगीताचा विद्यार्थी अजून पाठ करतो. काफी, पिलू यांसारखे लोकांच्या जवळचे राग ‘क्षुद्र प्रकृती’चे ठरतात. हा शब्द कोणत्या समाजातून आला, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

गावात सनई फुंकणारा, संबळ नि हलगी वाजवणारा या शास्त्रात कुठेच नाही. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा विटाळाचा आणि त्याच कातड्याने मढवलेला मृदंग देवळात पूज्य, याचे कोडे कोणत्याही संगीतशास्त्राला पडले नाही.

येथे आपल्यालाही एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. आमच्या आजोबांसाठी हलगी ही कला नव्हती, गावकीची सक्ती होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक गावांत आमच्या माणसांनी ढोरे ओढणे सोडले, तसे वाजवणेही सोडले. ते योग्यच केले. उद्या कोणी ‘लोककला जपा’ म्हणत ती हलगी पुन्हा आमच्याच गळ्यात अडकवू पाहील, तर आमचा नकार कायम राहील. परंतु सक्ती नाकारणे वेगळे आणि त्या सक्तीतही आमच्या माणसांनी कमावलेले तालज्ञान विसरणे वेगळे. आंबेडकरी जलशांनी हे ज्ञान गुलामीतून सोडवून चळवळीच्या कामी लावले. शास्त्रकारांनी त्याचीही दखल घेतली नाही.

प्रत्यक्ष गायन-वादन प्रमाण मानायचे, हे भातखंड्यांचे सूत्र आपण त्यांच्यापेक्षा पुढे नेले पाहिजे. जलशात गायिलेले आणि हलगी वाजवलेले वृद्ध जिथे जिथे हयात आहेत, तिथे वही घेऊन बसणारी आपली मुले हवीत. ती वही बोटांना जुंपण्यासाठी नको, साक्ष म्हणून हवी. ज्यांच्या ज्ञानाची नोंद होत नाही, त्यांना ज्ञानच नव्हते असे इतिहास बिनदिक्कत लिहून टाकतो.