चित्राखालचें नांव

अर्धापूरच्या एका विद्यार्थ्यानें ग्राफिक डिझाइनच्या प्रकल्पासाठीं अजिंठ्याचें एक चित्र निवडलें आणि त्याखालीं कोणाचें नांव घालावें, असें आम्हांस विचारलें. ‘चित्रकार अज्ञात’ एवढ्यानें भागेल काय? आमच्या मतें भागणार नाहीं.

अर्धापूर व अजिंठा हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. परंतु अजिंठ्याचीं भित्तिचित्रें दूरच्या लोकांस प्रथम दिसलीं, तीं नकलांच्या द्वारें. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून तेथें मुक्काम करून नकला केल्या; पुढें छायाचित्रेंही घेतलीं. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांसह तेंच काम पुन्हां आरंभिलें. त्यांतल्याही पुष्कळ नकला १८८५ त लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. उरलेल्या श्रमांचा ग्रंथ १८९६-९७ त निघाला, तो ग्रिफिथ्स यांच्या नांवानें. पेस्तनजी बमनजींसारखे त्यांचे शिष्य मात्र मागेंच राहिले. पुढें १९३० पासून हैदराबादच्या पुरातत्त्वखात्याचे गुलाम यझदानी यांनीं छायाचित्रांचा आधार घेऊन नवे खंड काढले.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्हीं उलट विचारलें, “तुझ्या हातचें चित्र कोणत्या ग्रंथांतलें? कोणाच्या हातचें?” मूळ चित्रकारांचीं नांवें काळानें नेलीं, हा आपला अपराध नव्हे. नकला करणारांचीं नांवें शोधल्यास सांपडत असतां आपण गाळलीं, तर तो अपराध मात्र आपलाच होय.