नाशिकचे कपाट आणि नियमातली सवलत

बांधकामाच्या नियमांत सवलतीची सोय हवीच. मात्र ती वीट रचण्याआधी, कारणांसह आणि लेखी मिळाली पाहिजे. नाशिकच्या ‘कपाट’ प्रकरणातून हेच दिसते. या नियमांची परंपरा जुनी आहे: मुंबई इलाख्याने १९१५ साली नगररचना कायदा केला, महाराष्ट्राने १९६६ साली प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आणला आणि १९८२ साली नाशिकला महापालिका मिळाली. आजच्या नियमावलीत, जागामालकाने खरीखुरी अडचण दाखवली तर महापालिका आयुक्त इमारतीभोवती सोडायच्या सामासिक अंतरासारख्या मोजमापांत सूट देऊ शकतात. चटईक्षेत्रात मात्र नाही, आणि आरोग्य वा अग्निसुरक्षेला बाधा आणूनही नाही.

गेल्या दशकात नाशिकमध्ये अनेक बांधकाम व्यावसायिकांनी अशी परवानगी न मागताच वाट काढली. नकाशात चटईक्षेत्राबाहेर दाखवलेली कपाटाची जागा खोलीत सामावली गेली आणि कित्येक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. भुर्दंड पडला तो कर्ज काढून सदनिका घेणाऱ्यांना. पुढे सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते नऊ मीटर रुंद करून, रुंद रस्त्यालगत मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्रात ही बांधकामे बसवण्याचा तोडगा निघाला. निर्दोष रहिवाशांना दिलासा नाकारायचा का, हा आक्षेप रास्त आहे. तो दिलासा द्यायलाच हवा. पण मागाहून मिळणारी माफी नियम पाळणाऱ्यावर अन्याय करते आणि पुढच्या उल्लंघनाला धीर देते. म्हणून अर्ज, शेजाऱ्यांची सुनावणी आणि कारणांसह जाहीर आदेश, हाच सवलतीचा राजमार्ग असावा.