जुन्या स्पीकरांचा आवाज: ताडून पाहायचा तो कशाशी?

मंडळी, प्रश्न वरवर साधा आहे. जुन्या काळच्या स्पीकरांत कोणत्या पिढीचा आवाज चांगला? शौकीन लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. आपण मात्र आधी विचारू, चांगला म्हणजे कशाशी ताडून चांगला?

पहिली पिढी कर्ण्याची. 1946 साली अमेरिकेत पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न आला. तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. तिथल्या भिंतीच कर्ण्याचं काम पुढे नेतात. तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत, आणि कर्णा थोड्या शक्तीत मोठा आवाज देई. म्हणजे बघा, तो त्या काळाच्या अडचणीवरचा तोडगा होता.

दुसरी पिढी 1954 ची. एडगर विलचर यांनी एआर-1 मध्ये पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. किंमत एकच, अ‍ॅम्प्लिफायर दणकट हवा. पुढे 1958 मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता घरात एकाऐवजी दोन पेट्या मांडायच्या, तेव्हा लहान पेटी सोयीची ठरली.

तिसरं उदाहरण 1970 च्या दशकातलं, बीबीसीचा एलएस3/5ए. उंची जेमतेम 30 सेंटिमीटर, कारण तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसायला हवा होता. खोल खर्ज त्यातून येत नाही, पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो.

आता गंमत पाहा. एआरवाल्यांनी फाइन आर्ट्स क्वार्टेटला मंचावर बसवून जिवंत वादन आणि स्पीकर यांची आलटून पालटून तुलना केली. बीबीसीचे अभियंते प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाशी आवाज ताडून पाहत. दोघांपाशी मूळ वस्तू होती. आपल्यापाशी असते फक्त तबकडी, आणि तीही स्टुडिओत कुणीतरी त्या काळच्या स्पीकरवर ऐकूनच घडवलेली असते. फ्लॉइड टूल यांनी या चक्राकडे वारंवार लक्ष वेधलं आहे.

शिवाय पन्नास वर्षांत कपॅसिटर बदलतात, फोमची किनार असेल तर तिचा भुगा होतो. सगळं नवं बसवल्यावर तो स्पीकर तोच राहिला का? थीसियसच्या जहाजाचा जुनाच प्रश्न हा. आणि आपले कान? वयाबरोबर वरच्या कंपनसंख्या ऐकू येईनाशा होतात, बरं का.

मग सगळंच ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडायचं? आम्हाला तसं वाटत नाही. 1994 मध्ये टूल आणि ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर दाखवून आणि पडद्याआड ठेवून असे दोन्ही प्रकारे ऐकवले, तर श्रोत्यांचे गुण बदलले. याचा अर्थ कान निरुपयोगी आहेत असा नव्हे. डोळे लुडबुड करतात, एवढाच. तेव्हा पडदा लावा. दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवा, नाहीतर कर्णा निव्वळ मोठा आहे म्हणून जिंकेल. आणि घरच्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करून तो ऐकवा, कारण त्याचं मूळ आपल्यासमोर बसलेलं असतं. एवढं केल्यावर ‘पूर्वीचं तेच खरं’ म्हणायला आपण मोकळे आहोत. त्याआधी ते मत नसतं, नुसती हळहळ असते.